वसीयत, लग्नाचा कागद आणि विरासत: मराठवाड्यातल्या निजामकालीन वंशावळीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं पुण्या-साताऱ्याकडं वंशावळ शोधायची जी वाट सांगतात, ती इथं अर्ध्यात सोडून जाते. कागद उर्दूत किंवा मोडीत असतो, वर्ष फसली, म्हणजे निजामाच्या महसुली सनाचं असतं, आणि ज्या जिल्ह्याच्या नावानं फाइल लागली तो जिल्हा आज कर्नाटकात नाहीतर तेलंगणात असू शकतो. खालचे प्रश्न याच अडचणींचे आहेत.

पणजोबांच्या मागं जायचंय. सुरुवात कुठून करू?

घरातून, आणि उलट्या दिशेनं. स्वतःपासून एकेक पिढी मागं जा. "आमचे मूळपुरुष अमुक" असं ऐकून त्यांच्यापासून खाली उतरायला गेलात की वाट हमखास चुकते.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला नावं विचारत बसू नका, नाती विचारा. आजीचं माहेर कुठलं, तिला न्यायला कोण यायचं, कोणाच्या लग्नात कोण मामा म्हणून अंतरपाटाशी उभा होता, रुसवा कुणाशी होता आणि कशावरून. जमिनीवरून रुसवा निघाला असेल तर कोर्टाचा कागद असणार, हे धरून चाला.

मग पेटी उघडा. रजिस्ट्रीचे कागद, जुन्या पावत्या, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका. श्राद्धाची यादी असेल तर ती सोन्यासारखी जपा. श्राद्धात वडील-आजोबा-पणजोबा, आई-आजी-पणजी आणि आईकडचे तिघे अशी नावं घेतात. म्हणजे एका चिठ्ठीवर दोन्ही घराण्यांच्या तीन-तीन पिढ्या येतात, आणि बायकांची नावंही.

यानंतर सरकारी कागद: शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, गावाचे फेरफार, 1954-55 चं खासरा पत्रक. एवढं हातात आल्याशिवाय निजामकालीन दप्तराकडं जाऊ नये. गाव, सर्वे नंबर आणि निदान एक खात्रीचं नाव नसताना अभिलेख कक्षात गेलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

पणजोबांचं मृत्युपत्र सापडेल का?

हिंदू शेतकरी घराणं असेल तर बहुतेक नाही, आणि त्याला कारण आहे. मिताक्षरा पद्धतीत, म्हणजे हिंदू कायद्याच्या इथं चालणाऱ्या शाखेत, एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपला न वाटलेला हिस्सा मृत्युपत्रानं देताच येत नव्हता. तो हक्क 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं आला. त्याआधी मृत्युपत्र करायचा तो स्वकष्टाची मिळकत असलेला माणूस, म्हणजे व्यापारी, वकील, सावकार, किंवा ज्याच्या मागं भाऊबंद उरलेच नाहीत असा. मुसलमान घराण्यांत वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंतच वसीयत चालते. त्यामुळं तिथंही वसीयतनाम्यात सगळे वारस येतीलच असं नाही.

म्हणून 1956 च्या आधीचं शोधताना मृत्युपत्राच्या भावंडांवर जास्त भिस्त ठेवा: वाटणीपत्र, दत्तकपत्र, बक्षीसपत्र, पोटगीचा करार. उर्दूत यांची नावं तकसीमनामा, तबनियतनामा, हिबानामा अशी. वाटणीपत्र सगळ्यात बोलकं. त्यात प्रत्येक भाऊ बापाच्या नावानिशी येतो, मेलेल्या भावाच्या जागी त्याची मुलं येतात, आणि विधवेच्या पोटगीसाठी कोणती पट्टी राखली तेही येतं.

1956 नंतर मात्र मृत्युपत्रं भराभर वाढतात, आणि आजोबांच्या पिढीचं मृत्युपत्र पणजोबांपर्यंत न्यायला पुष्कळदा पुरतं.

दुय्यम निबंधक कार्यालयात नेमकं काय मागायचं?

"आमचं मृत्युपत्र बघा" असं म्हणून भागत नाही. पुस्तकाचा नंबर सांगा. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक 1 मध्ये असतात, मृत्युपत्रं आणि दत्तकाचे अधिकारपत्र पुस्तक 3 मध्ये. पुस्तक 4 इतर दस्तांचं. बंद लखोट्यात ठेवलेल्या मृत्युपत्रांची नोंद पुस्तक 5 मध्ये होते. पुस्तक 3 ची वेगळी सूची असते, सूची 3. तिच्यात मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव असतं, अंमलबजावणी करणाऱ्याचं असतं, आणि मृत्युपत्र करणारा वारल्यावर हक्क सांगणाऱ्यांचीही नावं येतात.

नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणं पुस्तक 1 ची नक्कल कोणालाही मिळते. पुस्तक 3 ची मात्र मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही. म्हणून मृत्यूचा दाखला सोबत न्या. तो नसला की अर्ज तिथंच अडतो, आणि अडवणारा माणूस नियमानंच वागत असतो.

अर्जात पाच गोष्टी द्या: करणाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे वर्षांचा पट्टा आणि "पुस्तक 3, सूची 3" हे शब्द. शोधाची फी वर्षांच्या हिशोबानं लागते, म्हणून पट्टा आधीच आवळून घ्या. तो आवळायचा सोपा मार्ग फेरफारात आहे. जमीन मृत्युपत्रानं उतरली असेल तर फेरफारात तसं लिहिलेलं असतं, बहुधा दस्ताच्या तारखेसह.

दोन चुका कायम होतात. एक, माणूस वारला त्या वर्षापर्यंतच बघून थांबतात. मृत्युपत्र मृत्यूनंतरही नोंदणीला देता येतं, म्हणून पुढची चार-पाच वर्षंही पाहा. दुसरी, ऑनलाइन शोधात काही आलं नाही म्हणून मृत्युपत्रच नाही असं समजतात. तो शोध मुख्यतः सूची 2 चा, म्हणजे मिळकतीच्या दस्तांचा आहे. शिवाय मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची कधीच नव्हती. साध्या कागदावरचं, घरातच राहिलेलं मृत्युपत्रही खरं असू शकतं.

उर्दू कागदात नातं कसं ओळखायचं?

एक ओळ नमुन्याला घेऊ. नावं मनाची आहेत, घडण तशीच:

मुसम्मात गंगाबाई बेवा रामजी वल्द सखाराम, कौम कुणबी, साकिन मौजे पिंपळगाव बुजुर्ग, तालुका गेवराई.

मुसम्मात म्हणजे पुढं बाईचं नाव आहे. बेवा म्हणजे विधवा. वल्द म्हणजे मुलगा. गंगाबाई ही रामजीची विधवा, आणि रामजी हा सखारामचा मुलगा. "वल्द सखाराम" हे गंगाबाईला लागत नाही. तिला सखारामची मुलगी समजून अख्खी वंशावळ वाकडी झालेली पाहायला मिळते. मुलगी असती तर बिंते लिहिलं असतं. नवरा हयात असता तर बेवाच्या जागी जौजा आलं असतं.

कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार. बुजुर्ग म्हणजे आपलं बुद्रुक. नावापुढं मुतवफ्फी किंवा मरहूम असेल तर माणूस त्या तारखेआधी वारलेला आहे. मुतबन्ना दिसलं तर थांबा, दत्तकाचा मामला आहे.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवतात. तालुकदार म्हणजे जमीनदार असं वाटतं. निजामाच्या कारभारात अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर, आणि दोम-सोम तालुकदार त्याच्या हाताखालचे. मदरसा म्हणजे साधी सरकारी शाळा. तहतानिया प्राथमिक, वस्तानिया मधली, फोकानिया हायस्कूल. पणजोबा मदरशात शिकले यावरून धर्माचा काही निष्कर्ष काढू नये.

उर्दू किंवा मोडी वाचून घेताना काय सांभाळायचं?

वाचणाऱ्याला तुम्हाला हवं असलेलं नाव आधी सांगू नका. सगळ्या सूचनांत ही महत्त्वाची. घाईच्या शिकस्ता अक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, गाळलेले असतात, आणि उर्दूत ब, प, त, न यांचा फरक नुक्त्यांवरच असतो. नुक्ते काढले तर बाबा, नाना, बापा आणि ताता ही चारही नावं कागदावर हुबेहूब एक दिसतात. "हे नाना आहे का?" असं विचारलं तर भला माणूस "हो, नाना असेल" म्हणेल. त्यापेक्षा काही न सांगता कागद पुढं ठेवा, आणि शंकेच्या शब्दाखाली "वाचन संदिग्ध" असं लिहून घ्या.

आकडे सियाकात, म्हणजे रकमेच्या खास चिन्हांत असू शकतात. नुसतं उर्दू येणाऱ्याला ते वाचता येत नाहीत, हे आधीच विचारून घ्या.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत जागा सोडलेली नाही, ओळ सलग पळते. गावपातळीवर पटवाऱ्याचं दप्तर मराठीत, मोडीत असायचं, आणि वरच्या कचेरीतली प्रत उर्दूत. 1880 च्या दशकाच्या आधीची सरकारी प्रत फारसीत मिळू शकते. दोन्ही प्रती मिळाल्या तर मोडी प्रतीवर नावांसाठी भरवसा ठेवा, उर्दू प्रतीवर तारखेसाठी. गावच्या पटवाऱ्याला नाव कानानं ठाऊक होतं, कचेरीतल्या कारकुनाला नव्हतं.

फसली सनाचं इसवी सन कसं करायचं?

हैदराबादच्या फसलीत 590 मिळवा. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्यानं सुरू होतं, म्हणून 1 जानेवारीपासूनच्या तारखांना 591 मिळवायचे. महिने क्रमानं असे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. बहमन डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर पडतो, तिथं जपून.

10 दै 1345 फसली म्हणजे नोव्हेंबर 1935. 10 तीर 1345 फसली म्हणजे मे 1936. सन एकच, इसवी वर्षं दोन. जन्म, लग्न आणि मृत्यू यांचा मेळ घालताना हा एक वर्षाचा फरक आठवणीत ठेवा.

जुन्या कागदांत मृगापासून, म्हणजे जूनपासून सुरू होणारं फसलीही आढळतं. मराठी कागदांवर शके असेल तर 78 मिळवा. मराठेशाहीच्या कागदांत अरबी शुहूर सन शब्दांत येतं: "इसन्ने खमसैन मया व अलफ" म्हणजे 2 अधिक 50 अधिक 100 अधिक 1000, म्हणजे 1152. त्यात 599 मिळवले की 1751, आणि वर्ष मृगापासून धरायचं. हिजरी सन चांद्र आहे, त्याला सरळ बेरीज चालत नाही, तक्ता वापरा.

इसवी सन लिहिताना मूळ सन खोडू नका. दोन्ही शेजारी लिहा.

हिंदू लग्नाची सरकारी नोंद कुठं मिळेल?

निजामकाळातल्या खेड्यातल्या लग्नाची सरकारी नोंद शोधू नका, ती ठेवायची रीतच नव्हती. लग्नाचा पुरावा घरात असतो, आणि त्यातला सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे आहेराची वही.

आहेराच्या वहीत पानाच्या डाव्या बाजूला नाव, गाव, कधी नातं, आणि उजवीकडं रक्कम किंवा वस्तू: लुगडं, धोतरजोडी, पायली-दोन पायली गहू. वही चाळताना रकमा आधी बघा. सगळ्यात मोठे आहेर जवळच्या नात्यांचे असतात, आणि नवरीच्या किंवा नवऱ्याच्या मामाचा आहेर उठून दिसतो. तो मामा म्हणजे आईचं माहेर, तेच गाव, तेच घराणं. सरकारी कागदात जी बाई "बेवा रामजी" एवढ्यावर संपते, तिचं माहेर इथं सापडतं. रकमेपुढं हाली आहे की कलदार तेही बघा. हाली सिक्का हैदराबादचा, कलदार इंग्रजी रुपया. साधारण 7 हाली म्हणजे 6 कलदार. कलदार देणारा पाहुणा पुष्कळदा नगर, सोलापूर किंवा वऱ्हाडाकडचा, इंग्रजी मुलखातला असतो. म्हणजे पुढचा शोध तिकडच्या दप्तरात.

लग्नात नाव बदलायची रीत होती. माहेरची सोनी सासरी गंगाबाई होते. दोन नावांच्या दोन बाया समजू नका, आणि दोन बायांना एकही करू नका. दुसरी बायको असेल तर आहेराच्या दोन वह्या असतात.

मुसलमान घराण्यांच्या निकाहाची नोंद?

इथं परिस्थिती बरी आहे. शहरांत आणि तालुक्याच्या गावी काझीचं काम पिढीजात सनदेनं चालत आलं, आणि काझीच्या घरी निकाहाचं रजिस्टर असतं. हैदराबादकडं त्या नोंदीला सियाहा म्हणतात. नोंदीत वर आणि वधू, दोघांच्या वडिलांची नावं, वकील (कोर्टाचा नव्हे, निकाहात वधूच्या वतीनं बोलणारा), साक्षीदार आणि मेहर, म्हणजे वरानं वधूला द्यायची रक्कम, येतं. वकील आणि साक्षीदार बहुधा नात्यातलेच, चुलते किंवा मामा. त्यांची नावं सोडून देऊ नका. मेहर सुर्ख दीनारात, म्हणजे जुन्या सोन्याच्या नाण्यांत, लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ती हैदराबादची जुनी रीत आहे.

काझीचं रजिस्टर हे त्यांच्या घरचं दप्तर आहे. गाव, अंदाजे वर्ष आणि वराचं नाव घेऊन जा. रजिस्टर घरी मागू नका, नकलेची विनंती करा.

पूर्वज छावणीत होते, गोरे किंवा ख्रिस्ती होते. कुठं शोधू?

औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं इंग्रजांच्या किंवा हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या निजामाच्या फौजेच्या, छावण्या होत्या. कंटिंजंट 1903 मध्ये इंग्रजी हिंदी फौजेत विलीन झाली. या कुटुंबांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला दरवर्षी इलाख्याच्या मुख्य ठाण्याला, आणि तिथून लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत एन मालिकेत आहेत: एन/1 बंगाल, एन/2 मद्रास, एन/3 मुंबई. जालन्याला मद्रासच्या फौजा असत, म्हणून नकाशावर मुंबई जवळ दिसली तरी एन/2 आधी पाहा. ही चूक बहुतेक सगळे करतात.

मृत्युपत्रं एल/एजी/34/29 या मालिकेत आहेत. बऱ्याच नोंदी फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर पैसे भरून दिसतात. फिबिसची, म्हणजे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेची, सूची फुकट आहे.

लग्नाचं रजिस्टर गप्प असतं तिथं मृत्युपत्र बोलतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या अधिकाऱ्याच्या घरी हिंदुस्थानी बाई असली, तर लग्नाची नोंद बहुधा नसते. पण मृत्युपत्रात तिच्या नावानं, किंवा "माझ्या मुलांची आई" म्हणून, रक्कम ठेवलेली सापडते. नाव इंग्रजी कारकुनानं ऐकून लिहिलेलं, म्हणून ते मोठ्यानं वाचून बघा. डोळ्याला न कळलेलं कानाला कळतं.

देशी ख्रिस्ती घराण्यांसाठी ज्या मिशनचं चर्च, त्याचं रजिस्टर. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचं, औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम. प्रोटेस्टंट चर्चांपैकी बरीच 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आली, त्यामुळं आज रजिस्टर मूळ मिशनच्या नावानं मागून मिळत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत नवं नाव असतं पण वडिलांचं जुनंच राहतं. धागा तिथून धरायचा.

विरासतीची फाइल आणि मुंतखब म्हणजे काय?

इनाम, वतन, देशमुखी-देशपांडेपण, दर्ग्याची किंवा देवस्थानाची सेवा असलेल्या घराण्यांसाठी हा पहिल्या नंबरचा कागद आहे. धारक वारला की हक्क पुढं चालवायला विरासतीची चौकशी व्हायची. वारसांना शजरा, म्हणजे वंशवृक्ष, द्यावा लागायचा. भाऊबंदांचे जबाब होत, हरकती येत. चौकशी पुरी झाली की मुंतखब निघायचा. त्यात मिळकत, धारक आणि हिस्सेदार येतात. 1952 च्या अतियात (म्हणजे इनामं, देणग्या) चौकशी कायद्याखालीही अशा चौकश्या झाल्या. जिल्हाधिकारी कार्यालयात अतियातीच्या फाइली विचारा, आणि हैदराबादला तारनाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार.

मुंतखबाची नुसती नक्कल घेऊन परत येऊ नका. तो निकाल आहे. खरी वंशावळ फाइलीच्या पोटात, जबाबांत असते. चुलत घराण्यानं हरकत घेतली असेल तर तुमचं भाग्यच, कारण हक्क नाकारण्यासाठी का होईना, समोरच्यानं तुमच्या चार पिढ्या मोजलेल्या असतात.

साध्या शेतकरी घराण्याला मुंतखब मिळणार नाही. त्याच्यासाठी तेच काम वाटणीच्या दाव्यात होतं. दाव्याच्या अर्जात सुरुवातीलाच वंशवृक्ष असतो, आणि प्रतिवादीच्या कैफियतीत "वंशवृक्ष कबूल" असेल तर तो कागद नुसत्या शपथपत्रापेक्षा कितीतरी भारी.

गाव मराठवाड्यातच, पण जुना कागद जिल्ह्यात नाही. असं का?

जिल्हे बदलले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होतं. उलट मुधोळ तालुका नांदेडमधून तिकडं गेला. पुढं जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळे झाले, म्हणून लातूरचं जुनं दप्तर उस्मानाबादेच्या, आताच्या धाराशिवच्या, नावानं लागलेलं असू शकतं; हिंगोलीचं परभणीच्या.

गाव जहागिरीत, पायग्यात (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांच्या मुलखात) किंवा सर्फ-ए-खासमध्ये, म्हणजे निजामाच्या खासगी मुलखात होतं का तेही विचारा. जहागिऱ्या 1949 मध्ये खालसा झाल्या. त्याआधीचा महसुली कागद सरकारी तहसिलीत नव्हे, जहागीरदाराच्या कचेरीत तयार होत होता.

नाव जुळलं, गाव जुळलं. तोच माणूस ना?

अजून नाही. आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. रामजी सखाराम, सखाराम रामजी, पुन्हा रामजी सखाराम. 1310 फसलीतला रामजी वल्द सखाराम आणि 1355 फसलीतला रामजी वल्द सखाराम हे आजोबा-नातू असू शकतात, आणि चुलत भाऊबंदांत त्याच नावाचा तिसराही असतो. आडनाव पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, किंवा पाटील, देशमुख अशा हुद्द्यानं झाकलेलं असतं.

तपासायचं असं. प्रत्येक दोन पिढ्यांमध्ये नातं सांगणारा एक कागद हवाच: वाटणीपत्र, विरासत, दत्तक, दावा, फेरफार. नाव जुळणं हा इशारा झाला, नातं लिहिलेलं असणं हा पुरावा. मग सर्वे नंबर जुळवा; माणसं सारख्या नावाची असतात, पण बांध तोच राहतो. शेवटी वय. कागदावरचं वय 30, 40, 50 असं गोळा केलेलं असतं, म्हणून पाच-सात वर्षं इकडं-तिकडं धरा. दोन पिढ्यांत पंधरा वर्षांपेक्षा कमी किंवा पन्नासपेक्षा जास्त अंतर आलं तर कुठंतरी चुकलंय, बहुधा एक पिढी गळाली आहे.

दत्तक गेलेल्या माणसाला कुठं लावायचं?

दोन्हीकडं, आणि दोन वेगळ्या रेघांनी. जन्मदात्या बापाकडं तुटक रेघ, दत्तक घेणाऱ्याकडं सलग. दत्तकानंतरच्या कागदांत तो दत्तक बापाचा मुलगा म्हणूनच येतो, म्हणून जन्माच्या घरात तो अचानक नाहीसा झालेला दिसतो. "लहानपणी वारला असेल" असं लिहून टाकायच्या आधी भावकीत निपुत्रिक विधवा कोण होती ते बघा.

जातीच्या दाखल्यासाठी हे कागद चालतात का?

वंशावळीचे दुवे म्हणून उपयोगी पडतात, पण तारीख महत्त्वाची. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा बघतात. जुनी नोंद सापडली तरी तिच्यापासून अर्जदारापर्यंतचा एकेक दुवा कागदानं जोडावा लागतो, आणि प्रकरणं तिथंच लटकतात. हैदराबाद गॅझेटियरमध्ये पणजोबांचं नाव शोधायला जाऊ नका. त्यात लोकसंख्येचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत.

त्र्यंबकेश्वराच्या वह्या खऱ्या मानायच्या का?

मानायच्या, पण साक्षीदार म्हणून, निकाल म्हणून नव्हे. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडं गाव आणि आडनावानुसार वह्या लावलेल्या असतात. यात्रेला आलेल्या माणसानं स्वतः सांगितलेली नावं, पुष्कळदा त्याची सही. जी नोंद त्याच्या हयातीत, त्याच्या तोंडून झाली ती पक्की. वरच्या तीन पिढ्या त्याच्या आठवणीतल्या. मारवाडी घराण्यांनी हरिद्वार, पुष्करच्या वह्याही पाहाव्यात. जाताना जुनं गाव सांगा. सध्या राहता ते शहर सांगितलं तर वहीच निघत नाही.

तहसिलीत "रेकॉर्ड नाही" म्हणाले तर?

लेखी मागा. "उपलब्ध नाही" आणि "जीर्ण, देता येत नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. त्यात "माझ्या पूर्वजांची माहिती द्या" असं न लिहिता गाव, नमुन्याचं नाव आणि फसली वर्षं लिहा, आणि त्या गावच्या उपलब्ध दप्तराची यादी मागा. एका कार्यालयात नसलेलं दुसऱ्यात असतं: महसुलाची प्रत तहसिलीत, मोजणीची, म्हणजे पक्का बुक, शेतवार, वसूल बाकी, भूमी अभिलेख कार्यालयात. कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही, मात्र मराठवाड्यात सगळ्या गावांचं मिळेलच असं धरू नका.

कागदाचा फोटो कसा घ्यावा?

आधी रजिस्टरचं मुखपृष्ठ, मग वर्ष लिहिलेलं पहिलं पान, मग हवं ते पान पूर्ण, आणि शेवटी हवी ती ओळ जवळून. नुसत्या ओळीचा फोटो सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरतो, कारण ती कोणत्या पुस्तकातली ते आठवत नाही. उर्दू रजिस्टर उजवीकडून उघडतं. मुखपृष्ठ समजून शेवटच्या पानाचा फोटो काढू नका. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीशी कडेनं येणारा उजेड घ्या, म्हणजे फिकट शाईतले नुक्ते दिसतात. फोटोच्या नावात गाव, पुस्तक, पान आणि फसली सन त्याच बैठकीत टाका, आणि जमलं तर अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कलही घ्या. फोटो तुमच्या वाचनासाठी, नक्कल कचेरीसाठी.